काकवीचा एकांतवास

परसदाराची कडी काढून श्यामलाबाई बाहेर आल्या तेव्हा पिंजऱ्याची दोन्ही दारे सताड उघडी होती आणि घरची कुत्री काकवी गल्लीतल्या कुत्र्यांच्या घोळक्यात, एकाच परातीत तोंड घालून, वांग्याचे भरीत आणि रोडगा खात होती. त्या कुत्र्यांतले एक लंगडे होते, एकाच्या पाठीवरचे केस झडून खालची कातडी गुलाबी दिसत होती, आणि तिसरे, कालव्याच्या पुलाखाली राहणारे पांढरे, खाता खाता मधूनच काकवीच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा परातीकडे वळत होते. पंगतीत शेजारच्याशी दोन शब्द बोलावेत तसे. परातीच्या कडेला भंडारा सांडला होता. काकवीच्या कपाळावरही कुणीतरी हळदीचे बोट ओढले होते. सीताफळाच्या सावलीत पदर कमरेला खोचून घरकामाची सारजा उभी होती आणि मोठ्या कुत्र्याने लहानाचा घास ओढला की हातातल्या उलथन्याने जमिनीवर ठोकत होती. सगळे इतके व्यवस्थित, इतके नेमस्त चालले होते, की श्यामलाबाईंना क्षणभर आपणच कुठल्यातरी परक्या घराच्या परसात आगाऊपणे डोकावलो आहोत असे वाटले. हातातली ग्रंथालयाची पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही. त्या ओरडल्याही नाहीत. सहा महिने जे होऊ नये म्हणून त्यांनी जाळी ठोकून घेतली, दुहेरी दार बसवून घेतले, भिंतीची भगदाडे लिंपून घेतली, ते डोळ्यांदेखत होत होते. आणि त्यांच्या पोटात कुठेतरी आवळून बसलेली एक मूठ आवाज न करता सुटली होती.

काकवी पूर्वीची, म्हणजे श्यामलाबाईंच्या आठ वर्षांच्या नातीची. भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत अद्वय, श्यामलाबाईंचा मुलगा, केमिस्ट होता, तेव्हा उसाच्या चिपाडांच्या ढिगामागे हे पिल्लू सापडले. रंग ताज्या काकवीसारखा, म्हणून नावही तेच. जूनमध्ये अद्वय बायको-मुलीला घेऊन हिंदी महासागरातल्या एका बेटावर, तिथल्या साखर कारखान्यात गेला. बेटाला नाव होते आणि नकाशावर ते पुरेसे ठळकही होते, पण श्यामलाबाई कटाक्षाने त्याला नुसते ‘बेट’ म्हणत. त्या बेटावर कुत्रे पिसाळण्याचा रोग नव्हता, आणि तो येऊ नये म्हणून तिथल्या सरकारने नियम केले होते. बाहेरून येणाऱ्या कुत्र्याने आधी सहा महिने दुसऱ्या कोणत्याही जनावराच्या संपर्कात न येता काढायचे, मध्ये टोचून घ्यायचे, या एकांतवासाची ग्वाही अधिकार असलेल्या पशुवैद्याने द्यायची, आणि एवढे करून बेटावर उतरल्यावर पुन्हा त्यांच्या कोंडवाड्यात राहायचे. श्यामलाबाईंना या नियमांविषयी मनापासून आदर होता. कुणीतरी इतक्या थंडपणे, एकही आर्जवी शब्द न वापरता, ‘आमचा तुमच्यावर विश्वास नाही’ असे लिहून पाठवले होते, आणि आयुष्यभर स्वागताची भाषणे ऐकून किटलेल्या त्यांच्या कानांना ते वाक्य धुतल्यासारखे स्वच्छ वाटले होते. त्यांचा संताप होता तो निराळ्याच गोष्टीवर. कुत्रीबद्दल एवढी चौकशी करणाऱ्या त्या बेटाला श्यामलाबाईंबद्दल काहीही विचारायचे नव्हते. काकवीला पोचवायला त्या जाणार होत्या आणि जाऊन तिथेच राहणार होत्या. पारपत्रावर एक शिक्का उमटला की एक अख्खी बाई, तिच्या साठ वर्षांच्या सवयींसकट, निर्धोक ठरणार होती.

“आलात व्हय, बाई?” सारजाने उलथने मागे लपवले नाही. “येवढ्यात पुस्तकं बदलून झाली?”

“सारजा, हे काय चाललंय?”

“निवद हाय. चंपाषष्ठी न्हाय का आज? मालक व्हते तवर घरात तळी उचलत व्हता तुमी. मालक गेलं आन् तुमी इसरलात. म्या न्हाय इसरले.”

“काकवी बाहेर कशी आली?”

“म्या काढली.” तिने हे शाळेतल्या पोरीसारखे, हनुवटी वर करून सांगितले. “कोंडलेल्या कुत्र्याला निवद घालायचा व्हय? आमची मेंढरं व्हती तवा आजच्या दिशी वाड्यावरच्या समद्या कुत्र्यांच्या साखळ्या सोडायचे. म्हातारा सासरा सोताच्या हातानं सोडायचा. मेंढरं गेली, वाडा मोडला, पर दिस तर ऱ्हायला न्हवं? द्येवाचं कुत्रं मोकळ्या मानंनं जेवाया पायजे. आन् येकलंच जेवलं तर त्याला काय पंगत म्हंत्यात?”

“तुला मी काय सांगितलं होतं?”

“दुसऱ्या कुत्र्याचा वारा लागू द्यायचा न्हाय. ध्यानात हाय की माझ्या. पर ही दुसरी कुत्री कुठं हायत, बाई? आज ही खंडोबाची हायत. उद्यापास्नं दुसरी.”

श्यामलाबाईंनी बारामतीच्या महाविद्यालयात तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले होते. सारजाच्या अनुमानात त्यांना आकाराचा एकही दोष सापडेना. फक्त तिचे गृहीतक बेटावरच्या सरकारला कळवण्याजोगे नव्हते. “आता सगळं पहिल्यापासून,” त्या म्हणाल्या. “पुन्हा सहा महिने.”

“आगं बया!” सारजा मटकन सीताफळाच्या आळ्याच्या कडेवर बसली. “ह्या येवढ्या घासासाठी? आन् तुमचं इमानाचं तिकीट?” मग तिने हात तोंडावरून काढला आणि श्यामलाबाईंकडे नीट निरखून पाहिले. “पर तुमी रागावला न्हाय.”

“रागावले आहे.”

“न्हाय. रागावल्यावर तुमी चष्मा काढता. मालकांवर बी काढायच्या.” आणि थोड्या वेळाने, अंदाज घेत, “म्या म्हंते, कुणाला कळतंय? परात घासून टाकते, कपाळ पुसून टाकते. काकवी काय सांगाया जातीय व्हय कुणाला?”

कुत्री जेवून पांगली. पांढरे कुत्रे परसाच्या ज्या फाटकातून सारजाने त्याला घेतले होते तिथूनच, घरच्या पाहुण्यासारखे सावकाश बाहेर पडले. काकवीने रिकामी परात दोनदा चाटली, अंग झाडले, उघड्या फाटकाकडे पाहिले, आणि मग कुणी न सांगता, आपण होऊन, पिंजऱ्यात शिरून कोपऱ्यातल्या पोत्यावर अंगाचे वेटोळे करून झोपली. तिचा तो सराईतपणा पाहून मात्र श्यामलाबाईंना खरोखरच राग आला. इतका की त्या आत आल्या, पिशवी टेबलावर आपटली, आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बराच वेळ मोरीपाशी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

दाढ काढल्यावर जीभ जशी त्या रिकाम्या जागेकडे पुन्हा पुन्हा जाते, तसे त्यांचे मन दिवसभर त्या सुटलेल्या मुठीकडे जात राहिले. सुटका झाली होती हे खरे. पण सुटका कशातून, हे विचारायला लागले की हाताला येत होते ते फारसे सन्माननीय नव्हते. जूनमध्ये जाण्याच्या आदल्या दिवशी अद्वय याच टेबलाशी बसला होता. नेहमीसारखा हिशेबी, नेहमीसारखा मायाळू. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुले मोठी झाली की अशीच होतात. त्यांना आईचे काय करायचे याचेही उत्तर आधीच तयार असते. घर एका बँकेच्या साहेबाला भाड्याने देता येईल, पुस्तकांपैकी लागतील ती पेट्यांतून मागवता येतील, त्याची बायको सुकन्या दिवसभर नोकरीवर, पूर्वीला घरात कुणीतरी हवेच, आणि मुख्य म्हणजे आई, तू इथे एकटी. ‘एकटी’ हा शब्द त्याने इतक्या हळुवारपणे उच्चारला होता की जणू ते एखाद्या दुखण्याचे नाव असावे. बाबा गेल्यापासून, तो म्हणाला होता. नीळकंठ गेले त्याला सात वर्षे झाली होती; त्या सात वर्षांत श्यामलाबाईंनी पहाटे कालव्याच्या कडेने फिरायला सुरुवात केली होती, आवर्तन सुटले की भरून वाहणारे पाणी आणि बंद झाले की उघडे पडणारे चिखलातले खेकडे त्यांना ओळखू येऊ लागले होते, रात्रीचे जेवण त्यांनी चक्क बंद केले होते, आणि एखादे पुस्तक अर्धवट वाचून, त्याच्या लेखकाविषयी कसलीही सहानुभूती न वाटता, मिटून ठेवण्याचे सुख त्यांना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी प्रथमच कळले होते. नीळकंठांवर त्यांचे प्रेम होते. ते गेल्यावर घर मोठे झाले होते, हेही तितकेच खरे होते, आणि ही दोन वाक्ये एकमेकांशेजारी ठेवता येतात हे समजायला माणसाला तर्कशास्त्र शिकावे लागत नाही, शोक मात्र नीट करावा लागतो. पण यातले काहीही त्या अद्वयला बोलल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “आणि काकवीचं काय?” पूर्वी दाराआडून ऐकत होती, तिने भोकाडच पसरले. मग नियम मागवले गेले, पिंजरा झाला, आणि ठरले की काकवीचे सहा महिने पुरे होईपर्यंत आजी बारामतीलाच राहील. सगळ्यांना आजीच्या त्यागाचे कौतुक वाटले.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी त्या बेटावरून फोन येई. अद्वय विचारी, “काकवीचं कुठवर आलंय?” आणि श्यामलाबाई तपशीलवार सांगत. टोचणी झाली, वजन वाढले, कानातली गोचीड काढली, अर्ज पोचल्याचे कळले. त्यांच्या स्वतःच्या जाण्याबद्दल कुणी काही विचारीत नसे, कारण विचारण्यासारखे त्यात काही उरलेच नव्हते. “तुझं सगळं झालंय आई, काकवीचंच काय ते राहिलंय,” असे तो म्हणे, आणि त्या ‘हो’ म्हणत. तो होकार कशाला होता हे दोघांनीही कधी तपासले नाही. महाविद्यालयातल्या निरोपसमारंभात प्राचार्यांनी त्यांच्या खांद्यावर शाल घालून सांगितले होते की मॅडम आता सातासमुद्रापलीकडे नातवंडांत रमणार. सभागृहाने टाळ्या वाजवल्या होत्या. आणि ज्या विभागात तीस वर्षांत विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारू नयेत अशी चोख व्यवस्था ठेवली गेली, त्या विभागाच्या प्रमुखांनी ‘जिज्ञासा हेच मॅडमचे जीवन’ असे वाक्य छापलेले मानपत्र वाचून दाखवले होते. श्यामलाबाईंनी नारळ हातात घेऊन नम्रपणे मान लववली होती. तिथेही त्यांना बोलता आले असते. एका वाक्याचे काम होते. पण त्या वाक्याला कारण लागले असते, आणि कारण त्यांच्यापाशी नव्हते. किती रात्री त्यांनी अंथरुणात पडल्या पडल्या कारणे तपासली होती! हाती घेतलेले लिहिण्या-वाचण्याचे काम पुरे व्हायचे आहे, म्हणावे तर ते काम बेटावरही झाले असते. हवा मानवणार नाही, तर तिथली हवा बारामतीपेक्षा सर्वार्थाने बरी होती. मुलाच्या संसारात अडचण नको, म्हणावे तर त्यांना बोलावणारा मुलगाच होता. एकेक कारण त्या हातात घेत, आणि वर्गात फळ्यावर जसे दाखवीत तसे स्वतःलाच दाखवीत, की हा तर्कशास्त्रातला हेतू, म्हणजे खरे कारण, नव्हे, हा हेतूचा नुसता भास. शेवटी उरे ते उघडेनागडे ‘मला जायचे नाही’, आणि ज्याला हेतू नाही असे विधान सभ्य माणसाने चारचौघांत करायचे नसते, हे त्यांनीच तीस वर्षे मुलांना शिकवले होते. काकवी हा त्यांच्यापाशी असलेला एकमेव प्रतिष्ठित हेतू होता. त्या कुत्रीला त्यांनी बेटासाठी पिंजऱ्यात ठेवले नव्हते. स्वतःच्या आडोशासाठी ठेवले होते. आणि मुदत संपत आली होती. सहा महिन्यांतला जेमतेम पंधरवडा उरला असताना, रात्री पाणी प्यायला उठल्यावर जाळीतून चमकणारे काकवीचे डोळे दिसले की त्यांना धाप लागल्यासारखे होई.

आणि आज सारजाने भरीत-रोडग्याची एक परात मांडून त्यांना आणखी सहा महिने बहाल केले होते. एवढे सोपे होते ते. त्यांनी करायचे होते ते केवळ खरे बोलणे. पण खरे बोलणे इतके सोयीचे झाल्यावर त्यात त्यांना कसलासा आंबूस वास येऊ लागला. दुपारी त्या पुन्हा परसात गेल्या. परात घासून उपडी घातली होती. काकवीच्या कपाळावरची हळद मात्र सारजाने पुसली नव्हती. बहुधा तिचा हात धजला नसावा. ते केस झडलेले कुत्रे श्यामलाबाईंच्या डोळ्यांपुढे आले. मग बेटावरची मुले आली, जी कुठल्याही कुत्र्याच्या गळ्यात निर्धास्तपणे हात टाकत असतील, आणि त्यांच्यात पूर्वी. नाही, हे लपवता येण्याजोगे नव्हते. सोयीचे असो वा नसो. तेवढ्यापुरते त्यांचे मन स्थिर झाले. दुसऱ्या दिवशी रविवार. दाखल्याचा अधिकार ज्यांना होता ते डॉक्टर मानसिंगराव इंदापुरात राहत आणि रविवारी घरीच असत. सकाळची एस. टी. पकडायची असे त्यांनी ठरवले.

गाळपाचे दिवस होते. भवानीनगरच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती आणि गाडी तिच्या कडेने, एक चाक मातीत घालून, सरकत होती. खिडकीतून मळीचा तो गोड, कुजका, अंगाला चिकटणारा वास आला आणि बसमधल्या कुणीच नाक मुरडले नाही. याच वासात अद्वयचा संसार सुरू झाला होता. वसाहतीतल्या त्याच्या घराच्या खिडक्या सुकन्या दिवसरात्र बंद ठेवी, आणि श्यामलाबाई दोन दिवसांसाठी राहायला गेल्या की बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपत; पहाटे सुकन्या स्वयंपाकघरात जाताना चपला हातात घेऊन, अनवाणी, चोरासारखी त्यांच्या पायथ्याशी वळून जायची. तिचे ते दबकत चालणे त्या डोळे मिटून ऐकत. एकदा त्यांना वाटले होते की उठून सांगावे, ‘अगं, मी जागीच आहे, पाय वाजव तुला हवे तेवढे.’ सांगितले नाही. दोघी एकमेकींना अतिशय जपत होत्या, आणि त्या जपण्याने दोघींच्याही माना अवघडत होत्या. तिसऱ्या दिवशी बारामतीची एस. टी. पकडताना त्यांना व्हायचे ते हेच, कालचे, मूठ सुटल्यासारखे. म्हणजे हे काही नवे नव्हते. ओळखीचे होते. त्यांनी त्याला आजवर नाव दिले नव्हते इतकेच.

डॉक्टर मानसिंगराव अंगणातल्या लिंबाखाली बनियनवर बसून पेपर वाचत होते. बाई दिसल्याबरोबर त्यांनी लगबगीने शर्ट चढवला, खुर्ची पुसली, आत बघून चहाची हाळी दिली आणि हात चोळत म्हणाले, “मॅडम, तुमी कशाला आलात? पंधरा दिवसांनी मीच आलो असतो की, दाखला घिऊन. पेढे बी खायचेत मला.”

“संपर्क झाला, डॉक्टर.”

“कशाचा?”

त्यांनी सांगितले. काहीही न गाळता. केस झडलेल्या कुत्र्यासकट. डॉक्टरांनी ऐकता ऐकता दोनदा मान हलवली, आणि सगळे संपल्यावर अत्यंत गंभीरपणे विचारले, “भरीत पातीच्या कांद्याचं व्हतं का?”

“डॉक्टर!”

“न्हाय, मॅडम, राग मानू नका. पर त्याला काय संपर्क म्हणायचा? निवद हाय तो. आमच्या घरी बी काल सात कुत्री जेवून गेली.” त्यांनी आवाज खाली आणला, त्यात लाचारी नव्हती, पाहुणचार होता. “हे बघा. तुमी मला काय सांगितलं न्हाय, मी काय ऐकलं न्हाय. कुत्रं एकांतात व्हतं, ठणठणीत हाय, मी लिहून देतो. तिथला सायेब काय बारामतीच्या गल्लीत येऊन कुत्र्यांच्या जबान्या घेणार हाय?”

“त्या बेटावर आजवर एकही कुत्रं पिसाळलेलं नाही.”

“मग तर काळजीच मिटली. पिसाळलं तरी त्यांना वळखू यायचं न्हाय.”

श्यामलाबाईंनी चष्मा काढला. हा माणूस वाईट नव्हता. हेच तर भयंकर होते. गावात नड असलेल्या प्रत्येकाला तो असाच खुर्ची पुसून, चहा पाजून, एक खोटे वाक्य प्रेमाने देत असणार, आणि घेणारे ते कपाळाला लावून नेत असणार. एवढ्या सौजन्यावर उभ्या असलेल्या व्यवस्थेला हात कुठे लावायचा? लहानपणापासून त्या हेच पाहत आल्या होत्या. नियम मोडणारा इथे दुष्ट नसतो, तो अडचण जाणणारा असतो. “आजपासून पुन्हा मोजायला लागा,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून. आणि त्या कुत्र्यांच्या संपर्कामुळे काकवीला आता काय टोचायचं असेल ते उद्याच्या उद्या टोचा.”

डॉक्टरांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग एकदम मोकळेपणाने हसले. “काय मॅडम, तुमालाच जायचं न्हाय का काय? काढताय आपलं कुत्र्याच्या नावावर!”

चहा आला होता. श्यामलाबाईंनी कप उचलला, एक घोट घेतला आणि तो बशीत परत ठेवला. चेष्टेत का होईना, ते वाक्य पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने उच्चारले होते. लिंबाखाली, सकाळच्या उन्हात, शेजारच्या घरातून रेडिओ चालू असताना. आणि काहीही कोसळले नव्हते. डॉक्टर उत्तराची वाट न पाहता काकवीला काय टोचावे लागेल ते सांगू लागले होते. किती विनाकारण, किती बारकाईने त्यांनी त्या वाक्याभोवती जाळी ठोकून घेतली होती! आणखी सहा महिने घेतले तर काय होईल हे त्यांना आता लख्ख दिसले. जून येईल, पुन्हा छाती भरून येईल, आणि त्या पुन्हा एखाद्या परातीची वाट पाहतील. कदाचित मनातल्या मनात सारजाला पुढच्या सणाची आठवण करून देतील. डॉक्टरांचे खोटे नाकारायचे आणि स्वतःचे तेवढे कुत्रीच्या गळ्यात बांधून ठेवायचे, या व्यवहारात तर्काचा दोष नव्हता. किळस मात्र होती. “हो,” त्या म्हणाल्या.

“काय हो?”

“मला जायचं नाही.”

डॉक्टर गडबडले. “आसं व्हय,” ते म्हणाले, आणि बिस्किटांची बशी त्यांनी पुढे सरकवली.

स्टँडसमोर परदेशी फोनची सोय असलेले एक दुकान होते. काचेच्या कपाटात माणूस बसवल्यासारखी खोली, आत पंखा, दारावर देवीचे चित्र. अद्वयचा फोन संध्याकाळी यायचा होता. सहा महिन्यांत श्यामलाबाईंनी आपण होऊन कधी फोन लावला नव्हता. त्यांनी आकडे दोनदा चुकवले. तिसऱ्यांदा पलीकडे घंटा वाजू लागली, आणि कानात समुद्र भरल्यासारखी घरघर झाली.

“हॅलो? आजी! आज तू कसा फोन केलास? काकवी बरी आहे ना?”

“मजेत आहे. काल भरीत-रोडगा खाल्ला तिनं.”

“तिखट नव्हतं ना?”

“तिनं तक्रार केली नाही. पूर्वी, बाबाला दे.”

अद्वय घाईने आला. आई कुठून बोलतेय, काय झाले, तब्येत. त्यांनी परात, कुत्री, डॉक्टर, सगळे क्रमाने सांगितले. पलीकडून तो मध्येच म्हणाला, “त्या सारजाबाईंना जरा अक्कल…” आणि त्या म्हणाल्या, “सारजाला काही बोलायचं नाही.” मग त्याचा तो ओळखीचा, कामाला लागलेला आवाज आला. “ठीक आहे. म्हणजे जून. मग तुझं तिकीट पुढे ढकलू या. मी उद्याच…”

“माझं तिकीट रद्द कर, अद्वय. जूनमध्ये काकवी येईल, तिला विमानात बसवून द्यायची सोय मी करीन. मी राहायला येणार नाही. पूर्वीला बघायला येईन, चार दिवस. राहायला नाही.”

“का?”

सगळी कारणे एकदम घशाशी आली. काम, हवा, संसार, वय. शाळेच्या घंटेनंतर दारात मुलांची गर्दी व्हावी तशी ती एकमेकांना ढकलत उभी राहिली. श्यामलाबाईंनी त्यांतल्या एकालाही बाहेर सोडले नाही. “कारण नाही,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“म्हणजे तुला तपासून बघता येईल असं काही माझ्याकडे नाही. मला यायचं नाही, एवढंच आहे.”

घरघर नुसती चालू राहिली. आणि मग तिच्यातून, अडीच हजार मैलांवरून, एक लांब सोडलेला श्वास त्यांच्या कानात उतरला. त्यांनी तो ताबडतोब ओळखला. अद्वय पाचवीत असताना वक्तृत्वस्पर्धा रद्द झाल्याचे सांगितल्यावर त्याने असाच श्वास सोडला होता आणि मग घाईघाईने चेहरा पाडला होता. आताही तो घाईघाईने बोलू लागला. “नाही, म्हणजे आई, असं कसं… आम्ही सगळी तयारी… तशी जागा लहानच आहे म्हणा, पण सुकन्यानं…” काहीतरी त्यांच्या छातीत टोचले. खोल, नेमके, आणि एकदाच. तर तिकडेही कुणीतरी सहा महिने दबकत चालत होते. हातात चपला घेऊन. त्याचीही मूठ आवळलेली होती आणि त्यानेही तिला कर्तव्य असे नाव दिले होते. त्याने बोलवायचे, आईने जायचे, दोघांनी एकमेकांना जपायचे आणि मधल्यामधे एका कुत्रीने पिंजऱ्यात आयुष्य काढायचे. त्या काचेच्या खोलीत श्यामलाबाईंना हसू आले. आधी नाकातून, मग आवरेना इतके. बाहेरचा दुकानदार मान वळवून पाहू लागला.

“आई? आई, तू रडतेयस का?”

“नाही रे. माझी सोय कुठं केली होतीस?”

“पूर्वीच्या खोलीत. मध्ये पडदा लावलाय.” आणि मग, पाचवीतल्या आवाजात, “ती रोज विचारते, पडदा सारखा लावलेलाच ठेवायचा का म्हणून.”

“तिला सांग, काढून टाक म्हणावं.”

“आत्ता?”

“आत्ता.”

त्याने रिसीव्हर बाजूला धरून काहीतरी सांगितले. धावत गेलेली पावले ऐकू आली, खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, सुकन्या लांबून म्हणाली, “अगं हळू, पडशील!”, ते नेहमीपेक्षा मोठ्याने, घरातल्या माणसाला ओरडावे तसे, आणि मग पडद्याच्या कड्या दांडीवरून एकामागून एक सर्रकन घसरत शेवटपर्यंत गेल्या.